‘पहिलंच आहे, कोणतं घेऊ?’ : बेळगावातल्या एका घराचं प्रकरण

2024 च्या मे महिन्यातला शेवटचा आठवडा. वळीव पडून गेला होता आणि मी माझ्या प्राण्यांच्या दवाखान्याचं शटर ओढायच्या बेतात होते. तेवढ्यात एक गृहस्थ नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आले. प्राणी बरोबर नव्हता, मोबाईलमध्ये फक्त त्याचा फोटो होता. काळी पाठ आणि तिच्यावर पिवळ्या रेघांच्या चांदण्या असलेलं, वाटीएवढं कासव.

‘‘डॉक्टर, हे आठ हजाराला मिळतंय. जूनमध्ये ह्याचा वाढदिवस आहे. घरात आजवर मांजरसुद्धा पाळलेलं नाही, पहिलंच आहे. हे घेऊ, का दुसरं काही सोपं सांगता?’’

मुलाची नजर माझ्याकडे नव्हती. टेबलाखालच्या कोपऱ्यात एक पाल झुरळावर टपून होती, तो तिच्याकडे बघत होता.

सापाकासवांबद्दल विचारायला येणारे पालक गेल्या काही वर्षांत वाढले आहेत, पण बहुतेक जण प्राणी घरी आणून झाल्यावर येतात. डोळे सुजलेले असतात, पाठ मऊ पडलेली असते. हे घर आधी आलं आणि आठ महिने पुन्हा पुन्हा येत राहिलं. म्हणून त्यांच्या परवानगीने हे सगळं लिहून ठेवते आहे. नावं बदलली आहेत. मुलाला सोहम म्हणू, त्याच्या धाकट्या बहिणीला छकुली.

घर

शहापूर भागातलं जुनं घर. पुढे स्लॅब, मागे कौलारू पडवी, परसात आड. वडिलांचं उद्यमबागेत छोटं मशीन शॉप, आई पतसंस्थेत नोकरीला. आजी 71 वर्षांच्या, माळकरी, आषाढीला पंढरपूर चुकवत नाहीत. छकुली तीन वर्षांची. घरात एका बॅटरीचा इन्व्हर्टर आणि एकच फ्रीज.

हे सगळं मी पहिल्याच दिवशी विचारून घेतलं. कुत्र्याच्या बाबतीत घर थोडं इकडंतिकडं असलं तरी कुत्रा स्वतः जुळवून घेतो. सरपटणाऱ्या प्राण्याला ते जमत नाही. त्याचं रक्त बाहेरच्या उष्णतेवर चालतं. अन्न पचवणं, आजाराशी झुंजणं, कात टाकणं, सगळं त्याच्या अंगाला किती ऊब मिळते त्यावर ठरतं. कुत्रा माणसांच्या घरात राहतो. पाल किंवा साप आपण उभ्या केलेल्या हवामानात राहतो, आणि ते हवामान रोज कुणीतरी राखावं लागतं. तेव्हा ‘कोणता प्राणी’ हे ठरवायच्या आधी ‘कोणतं घर’ हे बघणं मला भाग होतं.

चांदण्यांचं कासव

हा विषय मी पाच मिनिटांत संपवला. फोटोतलं कासव आपल्याच देशातलं, स्टार टॉर्टॉइज. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ते पूर्वी चौथ्या अनुसूचीत होतं. 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली आणि ते पहिल्या अनुसूचीत गेलं, म्हणजे वाघाच्या पंगतीत. असा प्राणी बाळगल्याचा गुन्हा सिद्ध झाला तर किमान तीन वर्षं, कमाल सात वर्षं कैद आणि किमान 25,000 रुपये दंड. सायटीस या आंतरराष्ट्रीय करारानेही 2019 मध्ये त्याचा व्यापार जवळजवळ पूर्ण बंद केला आहे.

‘‘पण लोकांच्या घरात असतंय की,’’ वडील म्हणाले.

असतं. कासवाचं पाऊल घरात आलं की लक्ष्मी येते या समजुतीपोटी आणलेलं असतं. कोरड्या माळावरचं हे जनावर. आपल्या जुलै-ऑगस्टच्या ओलीत त्याला न्यूमोनिया होतो. नाकातून बुडबुडे येतात, तोंड उघडं टाकून श्वास घेऊ लागतं, आणि घरचे लोक डॉक्टरकडे यायला घाबरतात, कारण यायचं म्हणजे कबुली द्यायची. तसं एक कासव माझ्याकडे फार उशिरा आलं होतं. ते वाचलं नाही.

तळ्यात, विहिरीत सापडणारं आपलं पाणकासव, घोरपड, सरडगुहिरा, किंवा भारतातला कुठलाही साप, यांतलं काहीही पाळता येत नाही हे त्याच बैठकीत सांगून टाकलं. घोरपडे आडनावाची कथा सोहमला माहीत होती, त्यामुळे घोरपड पाळता येत नाही याचं त्याला जरा वाईट वाटलं. विकणारा माणूस वडिलांच्या ओळखीतला निघाला, म्हणून स्वतः कळवायला त्यांना संकोच वाटत होता. त्यांना विचारून, त्यांचं नाव न घेता, वनखात्याला मीच फोन केला.

नाण्याएवढं कासव आणि माझी चूक

मग साहजिकच पुढचा प्रश्न आला: माशांच्या दुकानात मिळतं ते कानाजवळ लाल पट्टा असलेलं हिरवं कासव? ते तर परदेशी आहे.

इथे मला माझीच एक गोष्ट सांगावी लागली. काही वर्षांपूर्वी एका कुटुंबाने हेच विचारलं होतं. गर्दीची वेळ होती. मी खाणं काय द्यायचं, पाणी कधी बदलायचं एवढं सांगून त्यांना वाटेला लावलं. चार वर्षांनी ते कासव ताटाएवढं झालं, टाकीला वास येऊ लागला, मुलगी कॉलेजला पुण्याला गेली, आणि घरच्यांनी पुण्यकर्म समजून ते गावाकडच्या विहिरीत सोडलं. मला हे नंतर कळलं. तेव्हाच पाच मिनिटं बसून सांगितलं असतं तर ते घडलं नसतं.

काय सांगायला हवं होतं ते सोहमच्या वडिलांना सांगितलं. रेड-इअर्ड स्लायडर मूळचं अमेरिकेच्या दक्षिण भागातलं. मादीची पाठ 25 ते 30 सेंटिमीटरपर्यंत जाते, आयुष्य 20 ते 30 वर्षं, कधी त्याहून जास्त. मोठ्या झालेल्या एका कासवाला शेकडो लिटरची टाकी, जोरदार फिल्टर, अंग शेकायला कोरडी जागा आणि अतिनील दिवा लागतो. सोडून दिलं तर आपल्या कासवांच्या जागेवर आणि अन्नावर डल्ला मारतं. जगातल्या सर्वात त्रासदायक 100 परक्या आक्रमक जातींच्या यादीत त्याचं नाव आहे.

आणि साल्मोनेला. हा जिवाणू सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात सुखाने राहतो, प्राण्याला काही होत नाही. विष्ठेतून तो अधूनमधून बाहेर पडतो, त्यामुळे एकदा तपासून ‘नाही’ आलं म्हणून निर्धास्त होता येत नाही. अमेरिकेत मुलं छोटी कासवं तोंडात घालून आजारी पडू लागली, तेव्हा 1975 मध्ये तिथल्या सरकारने चार इंचांपेक्षा लहान पाठीची कासवं विकायलाच बंदी केली. म्हणजे आपल्याकडे जी ‘मुलांसाठी’ म्हणून विकतात नेमकी तीच.

पाच वर्षांखालची मुलं, म्हातारी माणसं, गरोदर बाई आणि प्रतिकारशक्ती कमी असलेलं कुणी घरात असेल तर सरपटणारा प्राणी आणू नये, हा जगभर दिला जाणारा सल्ला आहे. या घरात छकुली होती आणि आजीही होत्या. हे बोलणं झाल्यावर वडील पहिल्यांदा गप्प बसले. माझ्या मते या प्रकरणाचा निकाल तिथेच अर्धा लागला होता, पण त्या संध्याकाळी तो मी लादला नाही. ‘नाही’ म्हणून मुलाला परत पाठवलं असतं तर दोन महिन्यांनी दुसऱ्या कुणाकडून तरी काहीतरी घरात आलंच असतं.

सोहमला विचारलेला प्रश्न

दुसऱ्या भेटीत मी वडिलांना बाहेर बसवलं आणि सोहमला विचारलं, ‘‘तुला तो प्राणी हातात घ्यायचाय, का बघायचाय?’’

त्याने बराच वेळ विचार केला. ‘‘बघायचाय. जीभ कधी काढतंय ते. आणि रात्री काय करतंय ते.’’

हा प्रश्न मी आता प्रत्येक मुलाला विचारते. कुरवाळायला काहीतरी हवं असेल तर सरपटणारा प्राणी हा चुकीचा पत्ता आहे. त्याला माया कळत नाही असं मी म्हणणार नाही, पण हातात घेतलेलं तो फार तर सहन करतो. ससा किंवा मांजर त्या मुलाला जास्त आनंद देईल. बघायचं असेल तर मात्र पाल, सरडा, साप यांच्यासारखं बघण्याजोगं थोडंच काही असतं. वडिलांना हे उत्तर ऐकून नवल वाटलं. त्यांचा हेतू मुलाचा मोबाईल सुटावा एवढाच होता.

साप

मका-साप, म्हणजे कॉर्न स्नेक, हा नवशिक्यांसाठी जगभर सुचवला जातो. अमेरिकेतला बिनविषारी, शांत स्वभावाचा साप. आठवड्यातून एकदा खातो, त्याला फार मोठी जागा लागत नाही, 15 ते 20 वर्षं जगतो. पुस्तकातल्या निकषांवर या घरासाठी तोच सगळ्यात सोपा ठरला असता.

मी तो दोन कारणांनी बाद केला. पहिलं कारण फ्रीजचं. सापाला उंदीर लागतात, ते गोठवून ठेवावे लागतात, आणि माळकरी आजींच्या घरात एकाच फ्रीजमध्ये दही-लोण्याशेजारी उंदरांची पिशवी ही गोष्ट मी तोंडातूनही काढणार नव्हते. घरातल्या सगळ्यात वडील माणसाच्या मनाविरुद्ध आणलेला प्राणी त्या घरात सुखाने राहत नाही.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. लंडनमधल्या मुलाने हातातल्या सापाची भीती सोडली तर त्याचं फारसं बिघडत नाही. सोहमच्या परसात मात्र आड आहे, लाकडं रचलेली आहेत, आणि मामाचं गाव खानापूर तालुक्यात, भीमगडच्या जंगलाकडच्या बाजूला. तिथे नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारही आहेत. कॉर्न स्नेकच्या पाठीवरचे तांबूस डाग आणि घोणशीच्या पाठीवरचे डाग मोठ्या माणसालाही घाईत एकसारखे वाटू शकतात. साप दिसला की हात पुढे करायचा ही सवय नऊ वर्षांच्या मुलाच्या हाताला इथे लावायची का? 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. सर्पदंशाची नोंद करणं बंधनकारक करण्याचा निर्णय कर्नाटकाने 2024 च्या फेब्रुवारीत घेतला. आपल्या भागात मुलाला सापाबद्दल पहिला धडा द्यायचा तो ‘दिसला की दोन पावलं मागे’ हाच. सापाचं कुतूहल जरूर असावं, पण हात लावण्याचा सराव नको.

बॉल पायथन हा अजगर आणि इग्वाना हा मोठा सरडा, यांचं नाव वडिलांनी काढलं होतं. दोन्ही सायटीसच्या यादीतले, त्यामुळे 2024 च्या नव्या नियमांप्रमाणे त्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. इग्वाना दीड मीटरपर्यंत वाढतो. पुढे चर्चा झाली नाही.

दिव्याचा हिशोब

उरले दोन: ऑस्ट्रेलियातला बिअर्डेड ड्रॅगन हा सरडा आणि लेपर्ड गेको ही ठिपक्यांची पाल.

ड्रॅगन दिवसा जागा असतो, माणसाकडे बघतो, किड्यांबरोबर पालाही खातो. मुलांना तो आवडतोच. पण त्याला शेकायच्या दगडावर 38 ते 42 अंश लागतात, आणि अतिनील ‘बी’ किरणांशिवाय त्याच्या अंगात ड जीवनसत्त्व तयार होत नाही. मग कॅल्शियम हाडांत बसत नाही, जबडा रबरासारखा मऊ होतो, पाय वाकतात. खिडकीतल्या उन्हाने काम भागत नाही, कारण काच ते किरण अडवते. दिवा पेटलेला दिसला तरी त्यातले किरण सहा महिने ते वर्षभरात कमी होतात, तेव्हा तो वेळच्या वेळी बदलावा लागतो. सोहमच्या वहीत आम्ही हिशोब मांडला. शेकायचा 100 वॅटचा दिवा, अतिनील 39 वॅटची नळी, दोन्ही बारा तास. महिन्याला साधारण 50 युनिट. लेपर्ड गेकोला टाकीच्या एका बाजूखाली 20 वॅटची गरम पट्टी पुरते. ती चोवीस तास चालू धरली तरी 14-15 युनिट, आणि लाईट गेली तर इन्व्हर्टर ती सहज ओढतो.

लेपर्ड गेको 20 ते 25 सेंटिमीटरचा होतो, 15 ते 20 वर्षं जगतो, संध्याकाळी जागा होतो. भिंतीवरच्या पालीसारखी चिकट बोटं त्याला नसतात, त्यामुळे काचेवर चढून पळत नाही. त्याला पापण्या असतात, डोळे मिटून झोपतो. सोहमला हे फार आवडलं. टाकीच्या गरम टोकाला 31-32 अंश, थंड टोकाला 24 ते 26, ओलसर शेवाळं भरलेली एक डबी कात टाकण्यासाठी, आणि किड्यांना लावून द्यायची कॅल्शियमची भुकटी. कात टाकताना बोटांवर कातडीची अंगठी राहिली तर बोट गळून पडतं, म्हणून दर वेळी बोटं तपासायची.

कागदावर या घराला हाच जुळत होता. पण त्याचा मूळ मुलूख अफगाणिस्तान, पाकिस्तानातून भारताच्या वायव्य टोकापर्यंत येतो, आणि त्याची एक सख्खी चुलत जात आपल्या पश्चिम भारतात रानात राहते. गावाकडे ती दिसली की ‘विषारी’ म्हणून ठेचतात. पालीला विष नसतं. अशा जातीच्या बाबतीत ‘फार्मवर जन्मलेला’ हे विक्रेत्याचं तोंडी बोलणं मला पुरत नाही. म्हणून मी दोन अटी घातल्या: जन्म कुठे झाला ते विक्रेत्याने बिलावर लिहून द्यावं, आणि घेण्याआधी ते बिल वनखात्याच्या कार्यालयात दाखवून विचारावं.

आजींना मी स्वतः भेटून सांगितलं. त्या पडवीत गहू निवडत बसल्या होत्या.

‘‘पाल काय पोसायची गोष्ट हाय काय गं? भिंतीवर हाईत की फुकट.’’

मग जरा थांबून म्हणाल्या, ‘‘आणि तिला जिवंत किडं घालायचं? भिंतीवरची आपली आपण खाती. ते तिचं ती बघून घेईल. पोराच्या हातानं घालायचं ते येगळं.’’

माझ्याकडे याला उत्तर नव्हतं, आजही नाही. हे अडाणीपणाचं बोलणं नाही. मांसाहारी प्राणी पाळताना प्रत्येकाने स्वतःला विचारायचा प्रश्न आहे, आणि तो मला आजवर एकाही ग्राहकाने विचारला नव्हता.

रिकामी टाकी

मी सुचवलं की प्राणी घेऊच नका, आधी टाकी घ्या. सहा महिने ती रिकामी चालवा. हा उपाय मी पहिल्यांदाच करून बघत होते.

काचवाल्याकडून 90 बाय 45 बाय 45 सेंटिमीटरची टाकी करून घेतली. गरम पट्टी, थर्मोस्टॅट, दोन टोकांना दोन तापमापक, एक आर्द्रतामापक. कोंडा भरलेल्या एका डब्यात मीलवर्म, म्हणजे गेकोला खायला घालायच्या जिवंत अळ्या. 1 जुलै ते 31 डिसेंबर सकाळी सात आणि संध्याकाळी सात अशा दोन नोंदी करायच्या. प्राणी आहे असं समजून पाण्याची वाटी रोज धुवायची, तीही मोरीत, स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये नाही. नंतर साबणाने हात.

पावसाळ्याने पहिला धक्का दिला. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटरवर, सह्याद्रीच्या पाठीला टेकलेलं. जुलैत चार-चार दिवस ऊन दिसत नाही, कपडे वाळत नाहीत, चामड्याच्या चपलेला बुरा येतो. टाकीतली आर्द्रता 80 च्या खाली यायला तयार नव्हती. लेपर्ड गेकोला 40 च्या आसपास हवी. वरची काच काढून जाळी बसवली, टाकी पडवीतून माजघरात आणली, तेव्हा कुठे ती 60 वर आली. आत प्राणी असता तर हे तीन आठवडे त्याच्या फुप्फुसांवर गेले असते.

दुसरा धक्का ऑगस्टमध्ये. रात्री लाईट गेली आणि पट्टी इन्व्हर्टरच्या प्लगवर नाही हे सकाळी कळलं. गरम टोक 23 वर आलं होतं. प्लग बदलला. डिसेंबरात पहाटे माजघर 16 अंशांवर जायचं, तेव्हा पट्टी एकटी पुरेना. टाकीला तीन बाजूंनी थर्माकोल लावला.

मीलवर्मच्या डब्यात मात्र सोहम रमला. अळीचा कोष, कोषाचा काळा भुंगा, भुंग्याची पुन्हा अंडी. एकदा गाजराचा तुकडा जास्त दिवस राहून बुरशी आली आणि अर्धा डबा मेला. त्या दिवशी तो जेवला नाही असं आईने सांगितलं.

जानेवारीत वही माझ्यासमोर आली. आकड्यांच्या आधी मला हस्ताक्षरं दिसली. जुलैभर सोहमचं गोल, ठळक अक्षर. सप्टेंबरात गणपतीत पाहुणे आले तेव्हा आठवडाभर पानं कोरी. सहामाही परीक्षेपासून बारीक, तिरकं अक्षर सुरू झालं होतं, ते आईचं. डिसेंबरात सकाळच्या बहुतेक नोंदी आईच्या होत्या. वडिलांचं अक्षर अख्ख्या वहीत चार ठिकाणी.

‘‘हे माझ्याकडेच येणार हे मला मेमध्येच माहीत होतं,’’ आई म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. पतसंस्थेतून सहाला येऊन, स्वयंपाक, छकुली, सासूबाईंची औषधं, आणि त्यात ही टाकी. पुढची पंधरा वर्षं. वडिलांनी वही हातात घेऊन पानं उलटली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही.

सोहमला यात दोष देऊ नये. नऊ वर्षांचं मूल सहा महिने रिकाम्या टाकीसमोर रोज दोनदा बसावं ही अपेक्षाच मोठी होती, आणि त्याने ती बऱ्यापैकी निभावली. पण प्राणी मुलासाठी आणला तरी सांभाळणारं मोठं माणूस कोण, हे बोलण्यातून कधी कळत नाही. त्या वहीतून कळलं.

भिंत

वहीला मागच्या बाजूने दुसरी सुरुवात होती. ती मी सांगितलेली नव्हती.

पहिल्या पानावर दोन रकाने, एक मराठीचा, एक कन्नडचा. पाल – हल्ली. कासव – आमे. घोरपड – उडा. सरडा – ओतिक्यात. शाळेतल्या कन्नडच्या बाईंना विचारून लिहिलेले. ‘हल्ली’ पुढे त्याने कंसात लिहिलं होतं, ‘आपल्यात याचा अर्थ आजकाल’.

मग जूनपासूनच्या नोंदी. पडवीतल्या ट्यूबलाईटवर तीन पाली. एकीची शेपूट तुटून नवी आलेली, आखूड आणि वेगळ्या रंगाची, म्हणून ती ओळखू येते. ती ट्यूबच्या डाव्या टोकाची, तिथे दुसरी आली तर हाकलते. पहिल्या पावसानंतर पंखवाले किडे निघाले त्या रात्री तिने किती खाल्ले त्याच्या उभ्या रेघा, सत्तावीस. परसातल्या सरड्याचा गळा लाल झाला तो दिवस. आडाजवळच्या ओल्या मातीत मादीने भोक पाडून अंडी घातली ती जागा, नकाशासकट. लाकडांखाली दिसलेली सापाची मावशी, म्हणजे सापसुरळी, आणि शेजारी लिहिलेलं, ‘दोन पावलं मागे गेलो. मग कळलं मावशी आहे.’

28 सप्टेंबरची नोंद आजींमुळे आहे. घटस्थापनेआधीची साफसफाई चालली होती. पडवीतला विठोबाचा फोटो पुसायला काढला तर मागे भिंतीला चिकटलेली दोन पांढरी अंडी, वाटाण्याएवढी. आजींनी फोटो तसाच परत टांगला आणि सोहमला शाळेतून आल्यावर हाक मारली. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी दोघं फोटो अलगद पुढे ओढून बघत. हात लावायचा नाही, बघून झालं की साबणाने हात धुवायचे. भिंतीवरच्या पालीतही साल्मोनेला असतो, हे त्याने आजींना समजावलं होतं.

8 नोव्हेंबर, 41 वा दिवस. ‘एक अंडं फुटलंय. पिल्लू एवढं’, आणि एक रेघ, माझ्या अंगठ्याच्या वरच्या पेराहून थोडी मोठी. ‘दुसरं अजून नाही. आजीनं आधी बघितलं.’

हे वाचून मी ती वही आईकडे दिली आणि म्हटलं की मुलाचा सरपटणारा प्राणी जूनपासून घरात आहे. त्याला जागा लागत नाही, पट्टी लागत नाही, आणि आजींचा आक्षेपही त्याला नाही, कारण तो आपलं आपण खातो.

आजची स्थिती

विक्रेत्याशी वडील बोलले होते. नऊ हजार सांगितले, ‘शंभर टक्के फार्म ब्रीड’ असं फोनवर दहादा म्हटलं, पण बिलावर तसं लिहून द्यायला तयार झाला नाही. तिथे तो व्यवहार थांबला.

घराने ठरवलं की छकुली पाच वर्षांची होईपर्यंत काही आणायचं नाही. तेव्हा सोहम अकराचा असेल. त्या वेळी पुन्हा विचार करायचा, आणि आणायचं ठरलंच तर सकाळची नोंद वडिलांची, हे आईने वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून त्यांची सही घेतली आहे. मधल्या काळात भुतरामहट्टीच्या प्राणिसंग्रहालयात एक फेरी व्हावी असं मी सुचवलं. टाकी माजघरातच आहे, पट्टीचा प्लग काढलेला. मीलवर्मचा डबा चालू आहे. त्यातले भुंगे सोहम संध्याकाळी पडवीच्या कठड्यावर सोडतो, ट्यूबलाईटखाली. आजींचं याला काय म्हणणं आहे ते मी अजून विचारलेलं नाही.

माझ्याकडच्या फाईलवर पुढची तारीख घातली आहे.